बिनतेलाची खळ

समुद्रापासून जितकं लांब राहता येईल तितकं लांब राहून समुद्राची जितकी काळजी करता येईल तितकी करणारं माणूस या जगात एकच झालं असावं, आणि ते माझ्या सासरी झालं. माझ्या बायकोची धाकटी बहीण. नागपुरात जन्मली, नागपुरात वाढली, आणि एम.एस्सी. होईपर्यंत तिनं पाहिलेलं सर्वांत मोठं पाणी म्हणजे अंबाझरीचा तलाव. आम्ही सगळे तिथं भेळ खात "वा, काय वारा सुटलाय" वगैरे म्हणत असू, तेव्हा ही काठाशी उभी राहून, स्थळ नापसंत करावं तशा आवाजात म्हणायची, "गोडं पाणी. काई कामाचं नाही."

माझे सासरे विणकर. घरात खड्ड्याचा हातमाग, दारात गल्ली, आणि गल्लीभर सुताचा वास. सासूबाई लवकर गेल्या. थोरली मुलगी, म्हणजे माझी बायको, माझ्या गळ्यात पडली. मधला मुलगा खापरखेड्याला विजेच्या केंद्रात फिटर म्हणून लागला. राहता राहिली ही धाकटी. ती माग सोडून माशांच्या मागे लागली, आणि तेही नदीतल्या नव्हे, समुद्रातल्या. माझ्या पहिल्या दिवाळसणाला जावई म्हणून मी पाटावर बसलो होतो, समोर ताट होतं, आणि तिनं मला पहिला प्रश्न विचारला तो असा : "भाऊजी, पश्चिमेचा बांगडा आन् पूर्वेचा बांगडा दिसाले सारखाच. पण रक्ताचा एकच हाये का? देशाच्या खालून वळसा मारून एकमेकायच्या घरी जातात का ते? सोयरीक होते का त्यायची?"

मी म्हणालो, माझी बांगड्याशी ओळख नाही. त्यावर तिनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, तीच नजर पुढं अंबाझरीच्या तलावाच्या वाट्याला आली.

ही विद्या तेव्हा, म्हणजे सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला, आपल्याकडे नवी होती. तिनं मला ती इतक्या वेळा समजावली की मी आता झोपेतही सांगू शकतो. माशाच्या मांसाचा थेंबभर रस घ्यायचा. स्टार्च शिजवून, ताटात थापलेल्या वडीसारखा त्याचा थर पाडायचा. त्या थरात एका कडेला तो रस भरायचा आणि थरातून वीज सोडायची. रसातली प्रथिनं पळत सुटतात, कुणी जोरात, कुणी रमतगमत. काही तासांनी वीज बंद करून रंग ओतला, की कोण कुठवर पोचलं त्याचे निळे पट्टे उमटतात. दोन माशांचे पट्टे जुळले तर एक घराणं, नाही जुळले तर वेगळं. एवढंसं काम. पण या एवढ्याशा कामापायी माझी जी दशा झाली ती मी आता सांगतो.

मी रेल्वेच्या पार्सल ऑफिसात कारकून होतो. लग्न ठरवताना सासऱ्यांनी माझा स्वभाव पाहिला, बायकोनं माझं नाक पाहिलं (ती नाही म्हणते), आणि मेहुणीनं माझं खातं पाहिलं, अशी माझी आता खात्री झाली आहे. कारण तिचा सिद्धान्त असा होता की समुद्राचा अभ्यास करायला नागपूरइतकी सोयीची जागा भारतात नाही. "मुंबईची गाडी इथं येते, हावड्याची येते, मद्रासची येते. दोन्ही समुद्र एका फलाटावर भेटतात, असं दुसरं गाव दाखवा मले!" दोन्ही किनाऱ्यांवरच्या प्राध्यापकांशी तिनं ओळख काढली होती, आणि ते बिचारे भिडेखातर बर्फात घातलेले बांगडे पेट्यांतून पाठवत. पेटी उतरली की मी लकडगंजातल्या आरागिरणीतून भुसा आणायचा, नवा बर्फ घालायचा, वर भुसा दाबायचा, आणि ती पेटी सायकलच्या कॅरियरवर बांधून वितळायच्या आत कॉलेजात पोचवायची. ऑफिसात माझं नाव पडलं 'मत्स्यावतार'. साहेबसुद्धा म्हणत, "मत्स्यावतारांना बोलवा." घरी आलो की बायको दारातच हात आडवा धरायची. "आधी आंघोळ करा, मंग बोला. माझी बहीण शोध लावून राहिली, आन् वास मले येऊन राहिला."

एकदा तर धोंड्याचा महिना होता. अधिक महिन्यात जावयाचा मान असतो, हे मी आपल्यापैकी विसरलेल्यांना सांगतो. सासऱ्यांनी अनारशांचं वाण देण्यासाठी मला पाटावर बसवलं, कपाळाला गंध लावलं, आणि तेवढ्यात मेहुणी धावत आली, "भाऊजी, पेटी गळून राहिली!" अनारशांचं ताट एका हातात, दुसऱ्या हातानं पेटीच्या फटीवर दाबलेलं फडकं, अशा थाटात मी सायकल रिक्षात बसून कॉलेजात गेलो. वाटेत लोक बाजूला होत होते, ते मला जावई म्हणून मान देत होते की वासामुळं, हे मी विचारलं नाही.

विजेच्या बाबतीत ती सगळा हिशेब भावाशी ठेवायची. गल्लीतला फ्यूज उडाला तरी तिच्या लेखी तो दादानंच घालवलेला असे. रविवारी तो खापरखेड्याहून आला की चहाच्या आधी खडसावणी. "दादा, मंगळवारी दुपारी माझी प्रथिनं अर्ध्या रस्त्यात उभी राहिली. काहून?" दादा हात जोडून म्हणायचा, "अवं, मी तिथं पाने फिरवतो. बटन माझ्यापाशी नाही." तिचा विश्वास बसत नसे. बटण कुणापाशी तरी असतंच, आणि भाऊ तिथं असताना ते दुसऱ्या कुणापाशी का असावं, हे तिला कळत नव्हतं.

आणि त्या कडू कागदाचं काय सांगू! कॉलेजात तिला कागदाच्या बारीक पट्ट्या मिळाल्या होत्या. त्या जिभेवर ठेवल्या की काहींना जहर कडू लागतात आणि काहींना नुसता कागद लागतो, आणि हे म्हणे घराण्यात चालत येतं. मासे मिळत नसत त्या दिवसांत ती माणसांवर निघायची. लग्नात, बारशात, तेरवीलासुद्धा, पदराच्या गाठीतून पट्टी काढून, "काका, जीभ दाखवा जरा." मला काही लागलं नाही. तिनं जाहीर केलं, "भाऊजी, तुम्ही आईकडूनही बिनचवीचे आणि वडलांकडूनही." बायको म्हणाली, "हे मले लग्नाच्या दुसऱ्या दिवशी समजलं होतं. करपलेली कारली खाऊन म्हणे, छान झाली."

उमरेडचे पाहुणे तिला पाहायला आले तेव्हा तिनं पोह्यांआधी पट्ट्या वाटल्या. मुलाच्या वडलांनी जीभ बाहेर काढून "अरे बाप रे" केलं. आईला काहीच लागलं नाही. मुलगा हुशार, त्यानं मुलीच्या चेहऱ्याकडे पाहून अंदाज बांधला आणि म्हणाला, "थोडं थोडं कडू." मेहुणी आनंदानं उठून उभी राहिली. "थोडं थोडं! असं होत नसते. तुम्ही खोटं बोलून राहिले." पाहुणे पोहे खाऊन गेले. सासरे दारापर्यंत पोचवून आले आणि इतकंच म्हणाले, "पोट्टे, पुढल्या वेळी पोह्यानंतर दे. त्यायचं पोट तरी भरलेलं राहील." पुढची वेळ आलीच नाही. उमरेडपासून नागपूरपर्यंत कागदाची कीर्ती पसरली होती.

आता खरी गोष्ट. किनाऱ्यावरच्या एका संशोधन केंद्रात पीएच.डी.साठी एक जागा निघाली. एकच. बरोबर हाच विषय, माशांची घराणी. तिच्या सरांनी तिचं नाव कळवलं, आणि तिकडचे एक शास्त्रज्ञ गाडी बदलताना नागपुरात उतरून तिचं काम पाहून जाणार असं ठरलं. पट्टे चांगले निघाले तर जागा तिची. पण घरात एक अट होती, आणि ती सासऱ्यांनी कधीच आवाज चढवून सांगितली नव्हती, त्यामुळे ती मोडणं फार अवघड होतं. "शिक न बाप्पा, किती बी शिक. पण नागपूर सोडून नको." सासूबाई गेलेल्या, थोरली परक्या घरी, मुलगा खापरखेड्याला. मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलं की समोर दिसायला ही एकच उरली होती. मेहुणीनं अट मुकाट्यानं मान्य केली आणि म्हणूनच तर सगळा समुद्र नागपुरात आणायचा घाट घातला. तिला ती जागा हवी होती, आणि ती घरी बसून हवी होती. शास्त्रज्ञांना पटवायचं होतं ते एवढंच.

अडचण एकच. पट्टे निघत नव्हते. निघत, पण घामानं कुंकू फिसकटावं तसे. परदेशी स्टार्च कॉलेजला मिळत नव्हता, तेव्हा तिनंच डोकं लढवलं : स्टार्च म्हणजे खळच की! ताण्याच्या, म्हणजे मागावरच्या उभ्या सुताला पाजायला विणकराच्या घरी खळ रोजची. तिनं बटाटे किसून, धुऊन, साका खाली बसवून स्टार्च काढला. कॉलेजात नेऊन त्यावर आम्लाची प्रक्रिया करायची, धुवायचा, आणि घरी आणून गच्चीवर वाळवायचा. वाळवणाची राखण सासऱ्यांकडे. ते काम त्यांनी अंगणात देवी बसल्यासारखं केलं. चिमणी फिरकू दिली नाही. सगळं पुस्तकाबरहुकूम, आणि तरी पट्टे फिसकटलेले. तिनं बांगड्यांना दोष दिला, बर्फाला दिला, दादाला दिला, आणि सगळे संपल्यावर माझ्याकडे वळली. "भाऊजी, खरं सांगा. पेटी उन्हात ठेवली होती न?"

शास्त्रज्ञ आले. मूळचे कोकणातले, बारीक, चष्मा कपाळावर, बोलणं हळू. कॉलेजात त्यांनी आदल्या दिवशीचा थर उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिला. मी पेटी घेऊन दाराशी उभा होतो. मेहुणीचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. पाहुण्यांना तिनं कधी घाबरून चहा दिला नव्हता, पण हा थर तिनं दोन्ही हातांनी, देवापुढं नैवेद्य ठेवावा तसा पुढं केला होता.

"पद्धत अचूक आहे तुमची," ते म्हणाले. "मासेही ताजे वाटतात." (इथं मी मेहुणीकडे पाहिलं.) "पण थर ढगाळ आहे. स्टार्च कुठला?"

"घरचा," ती म्हणाली.

"घरचा म्हणजे?"

"म्हणजे आमच्या घरचा."

त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "मग घरीच जाऊ."

सायकल रिक्षा गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबली ती थांबलीच. गल्लीत पाजणी चालली होती. ताणा गल्लीभर लांब पसरून त्याला खळ लावायची आणि मोठा कुंचा फिरवत सूत सुटं ठेवत वाळवायचं, त्याला पाजणी म्हणतात. एकदा खळ लागली की मध्येच थांबता येत नाही, आणि ताणा ओलांडून कुणी जात नाही, मग तो दिल्लीचा मंत्री असो. रिक्षावाल्यानं पाय वर घेऊन विडी पेटवली. सासरे कुंचा घेऊन समोरून येत होते. त्यांनी पाहुण्यांना न थांबताच नमस्कार केला. "या जी साहेब. घाईत हायेत का? मंग संगंसंगं चाला."

आणि मग ती मुलाखत झाली. ताण्याच्या एका बाजूनं सासरे, दुसऱ्या बाजूनं शास्त्रज्ञ, मागे मेहुणी, तिच्यामागे पेटी घेऊन मी. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि परत. ओट्यावर माझी बायको आणि शेजारणी, गणपतीची मिरवणूक पाहावी तशा.

"या खळीत काय काय असतं?" शास्त्रज्ञांनी सहज विचारलं.

"गव्हाचं पीठ जी, पाणी, आन् तेल."

"तेल कशाला?"

"बिनतेलाची खळ सुताले कापते. कोरडी राहते. तेल पायजेच."

"आणि मुलीच्या स्टार्चला? त्याची तुम्ही नुसती राखणच करता ना?"

सासऱ्यांचा चेहरा उजळला. इतके दिवस त्यांच्या कामाची कुणी चौकशी केली नव्हती. "नुसती राखण कशी करीन? वाळलं का सकाळी त्याले तेलाचा हात फिरवतो न. थोडासाच. तिळाचं, घाणीवरचं. तिच्या कामाले हलकं तेल कसं लावीन?"

कुंचा फिरत राहिला. बाकी सगळी गल्ली थांबली.

"बाबा," मेहुणी म्हणाली, "केव्हापासून?"

"पयल्या दिवसापासून. काहून वं?"

"मले सांगितलं काहून नाही?"

"आता दाळीत मीठ टाकलं, ते कोणी सांगते का?"

मला वाटलं आता ही रडणार. रडलीच, पण त्याआधी हसली. ओट्यावर बसून पोट धरून हसली, हसता हसता रडली, आणि रडता रडता म्हणाली, "भाऊजी, माफ करा. पेटी उन्हात नव्हती." शास्त्रज्ञ चष्मा पुसत होते. सासरे मात्र कुंचा फिरवत ताण्याच्या त्या टोकापर्यंत गेले. परत आले तेव्हा त्यांच्या लक्षात सगळं आलं होतं. "म्हणजे मीच का?" त्यांनी मला विचारलं. मेहुणीला नाही, मला. मी मान डोलावली.

त्या दिवशी माझ्या खात्याचा पहिल्यांदाच माशांऐवजी माणसासाठी उपयोग झाला. शास्त्रज्ञांचं तिकीट मी दुसऱ्या दिवशीच्या गाडीचं करून आणलं. धुतलेला, गच्चीवर न गेलेला थोडा स्टार्च कॉलेजात होता. तो सासऱ्यांनी मागून घेतला, "माझ्या हातानं वाळवतो" म्हणाले. सकाळभर गच्चीवर त्याच्यापुढे बसून राहिले. मी पाहिलं, दोन्ही हात त्यांनी मांड्यांखाली दाबून धरले होते. "जवाईबापू," ते म्हणाले, "हात आपोआप बाटलीकडे जाते. पोरीले उघड्या गळ्यानं लग्नाले धाडल्यासारखं वाटून राहिलं."

दुपारी धुतलेलं धोतर आणि काळी टोपी घालून ते पहिल्यांदाच कॉलेजात आले. वीज गेली नाही. दादानं त्याचं श्रेय पुढं कित्येक वर्षं घेतलं. संध्याकाळी रंग ओतला, धुतला, आणि पट्टे वर आले. निळे, बारीक, सरळ, पश्चिमेचे वेगळे, पूर्वेचे वेगळे रांगेत उभे. मी भारावून म्हणालो, "अगदी लुगड्याच्या काठासारखे!" सासऱ्यांनी वाकून पाहिलं. "असा काठ काढला असता, जवाईबापू, त मले कोणी मजुरी नसती देल्ली."

शास्त्रज्ञ म्हणाले, "एवढ्यावरून घराण्यांबद्दल काही सांगता येणार नाही. ढीगभर मासे पाहावे लागतील. पण काम स्वच्छ आहे. जागा तुमची. फक्त तिकडे यावं लागेल. जाळ्यातून निघाल्याबरोबर मासा हातात हवा. नागपुरातून हे होणार नाही."

"मग राहू द्या, सर," मेहुणी म्हणाली. इतक्या लगेच म्हणाली की उत्तर तिनं बरेच दिवस तयार ठेवलं असावं. "मी इथूनच करीन, जेवढं होईल तेवढं. बाबांना सोडून नाही जमणार."

सासरे अजून वाकून पट्टे पाहत होते. पाहता पाहताच म्हणाले, "जाऊ द्या तिले, साहेब."

"बाबा, तुम्हीच त म्हणत होते..."

"म्हणत होतो. पण इथं राहिली त मी तेल लावल्याबिगर राहणार नाही. आज हात दाबून बसलो. रोज नाही बसवत वं. मले माहीत हाये न माझा हात."

ती गेली त्या सकाळी स्टेशनात मी माझ्या हुद्द्याचा सगळा रुबाब वापरून तिची ट्रंक चढवली. सासऱ्यांनी तिच्या हातात दोन गोष्टी दिल्या. एक घट्ट झाकणाचा डबा, बटाट्याचा स्टार्च, कोरडा. आणि एक लहान बाटली, तिळाचं तेल, बुचावर मेण लावलेलं. "हा डबा कामाले. हे तेल डोक्याले. अदलाबदल करू नोको." गाडी हलली तेव्हा तिनं खिडकीतून ओरडून विचारलं ते बाबांनाच, "जेवाल न वेळेवर?" सासरे हात हलवत राहिले. मग मला म्हणाले, "चाला, ताणा वाळत असंल." त्या दिवशी ताणा लावलाच नव्हता.

तिनं पीएच.डी. केली. मग तिच्याकडे पीएच.डी. करणारे आले. दिवाळीला यायची तेव्हा पट्ट्या घेऊनच यायची, आमच्या मुलांच्या जिभा तिनं दुधाचे दात असतानाच तपासल्या. सासरे असेपर्यंत एकदाही दिवाळी चुकवली नाही. बांगड्यांची सोयरीक होते की नाही, हे मी तिला दरवेळी विचारतो, आणि ती दरवेळी इतकं लांब उत्तर देते की मी पुन्हा पुढच्या दिवाळीला विचारतो.

परवा मी आणि बायको तिच्याकडे जाऊन आलो. साठीच्या उंबरठ्यावर मी आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला. खरं सांगायचं तर अंबाझरीपेक्षा बराच मोठा आहे. तिच्या प्रयोगशाळेच्या खिडकीतून तो सगळा दिसतो. फळीवर रसायनांच्या बाटल्या, एकीशेजारी एक, आणि त्यांच्यात एक लहानशी, बुचावर मेणाचे डाग असलेली. तळाशी थोडं काळपट तेल. चिठ्ठीवर तिच्या अक्षरात लिहिलेलं : 'खळीत घालू नये.'

"डोक्याले नाही लावलं सगळं?" बायकोनं विचारलं.

"थोडं ठेवलं," ती म्हणाली. तिनं बूच काढलं आणि बाटली माझ्या नाकाशी धरली. मला चव कळत नाही, हे शास्त्रानं सिद्ध झालेलं आहे. वासाची परीक्षा माझी कधी कुणी घेतली नव्हती. समोर एवढा मोठा समुद्र होता, आणि मला गल्लीत टोकापासून टोकापर्यंत पसरलेला ओला ताणा दिसत होता.